खिडकीकडचा दाणा

खट्.

देवीच्या खोलीच्या खिडकीची झडप वाऱ्याने भिंतीवर आपटली आणि पाळण्यात नुकताच डोळा लागलेला पंढरी दचकून रडू लागला. पुरुषमंडळी मिठागरावर गेलेली, घर कसे चिडीचूप होते; त्यात तो आवाज भलताच मोठा वाटला. आवडाचे दोन्ही हात कोपरापर्यंत शेणाने भरलेले. तशीच ती धावली, पायाच्या अंगठ्यात पाळण्याची दोरी धरून झोका देऊ लागली आणि तोंडाने "लू लू लू, माजा राजा तो" सुरू केले. पोराने एक हुंदका दिला, आईच्या तोंडाकडे पाहिले, आणि दात नसलेल्या हिरड्या दाखवून तो हसला. त्या हसण्यावर आवडा जीव ओवाळून टाकी.

"आये, ती झडप रोज ठोकतं," चुलीपाशी बसून भाकरीचा पापुद्रा सोलणारी गोदा म्हणाली. गोदा पाच वर्षांची. तिच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हते. "आज्याला सांग ना, काढून टाक बोल."

"सांग तूच. मंग आजा तुलाच खिरकीत बसवंल."

डोंबिवलीच्या खाडीकाठी आगऱ्यांचा जो पाडा आहे, त्यात भिवा भगताचे घर पहिले. गावदेवी त्याच्याच घरात असे. ओसरीच्या डाव्या अंगाला एक लहानशी खोली, तिच्यात शेंदराने माखलेली उभी शिळा, तीच देवी. तिला विचारल्यावाचून पाड्यात काही होत नसे. विचारायची रीत अशी, की शिळा पाण्याने भिजवायची, तिच्या दोन्ही खांद्यांवर तांदळाचा एकेक ओला दाणा चिकटवायचा आणि हात जोडून बसायचे. उजवा दाणा आधी गळून पडला तर देवीचा होकार, डावा पडला तर नकार. हाच कौल. बांध कधी घालायचा, सोयरीक कुठे करायची, कुणाला वाळीत टाकायचे, सारे त्या दोन दाण्यांवर.

पण आता वर्षभर देवी रुसली होती. काहीही विचारा, डावाच दाणा पडायचा. विश्राम पाटलाच्या मुलीची ठरलेली सोयरीक त्यापायी मोडली. खालचा बांध दुरुस्त झाला नाही आणि भरतीने अर्धा वाहून गेला. देवीचे काहीतरी चुकले आहे, कुणीतरी चुकवले आहे, असे बायका पाणवठ्यावर बोलत, आणि बोलताना भगताच्या सुनेकडे, आवडाकडे, तिरप्या नजरेने पाहत. कारण देवीची खोली रोज सारवायला तीच जाई.

आवडाने सारवण पुरे केले आणि उंबऱ्यात उभी राहून पाहिले. खिडकीखालचा पट्टा सुकून पांढुरकाही झाला होता, दाराकडची जमीन मात्र अजून काळीशार ओली. खिडकी जुनी नव्हे. मागल्या वर्षीच्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली, म्हणून भिवाने खाडीच्या अंगाला ती पाडून घेतली होती. तेव्हापासून रोज असेच सुके. रोज पाहिलेल्या गोष्टीकडे कोण बघतो? आवडाने हात धुतले आणि पोराला पाजायला घेतले.

*

त्याच दिवशी कल्याणहून टोचणारा आला. सरकारचा माणूस, अंगात बंद गळ्याचा कोट, डोक्याला पागोटे, मागे पेटी घेतलेला शिपाई. गावोगाव फिरून पोरांच्या दंडावर लस टोचायची, म्हणजे अंगावर फोड उठण्याचे ते भयंकर दुखणे त्यांना होत नाही, हे त्याचे काम. पलीकडच्या पाड्यात तो टोचून आला होता. तिथली पोरे दंड धरून रडली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात खेळत होती.

पिंपळाखाली माणसे जमली. भिवा भगत म्हणाला, "रावसायब, आमच्यात आयला इचारल्याबिगर काय करत नाय. बसा. कौल लावताव."

"लावा, लावा," टोचणारा पागोटे सारखे करीत म्हणाला. "तुमच्या आईला म्हणावं, मला चारच्या आत कल्याणला परतायचं आहे."

बायकांत खसखस पिकली. रंगूबाई, भिवाची बायको, तिने मात्र डोळे वटारले. "हसतान कशाला गो? देवीचा नाव निंघालाय!"

खोलीत भिवाने शिळा भिजवली, दाणे लावले. पंढरीला छातीशी धरून आवडा दारात उभी होती. वाऱ्याने झडप एकदा कुरकुरली. मग डावा दाणा सुटला आणि खालच्या ताम्हणात टिक् करून पडला.

"नाय बोलली," भिवा म्हणाला.

टोचणारा उठला. त्याला आधी हसू आले, मग संताप. "अडाणी लोक तुम्ही! दगडाला विचारून पोरं मारता! उद्या गावात फोड उठले म्हणजे माझ्याकडे येऊ नका."

"तू कोन आमाला सांगनारा?" मागून कुणीतरी ओरडले. एक ढेकूळ शिपायाच्या पेटीवर आपटले. टोचणारा निघाला. त्याने बोलायला नको ते बोलून जी एक दोन मने वळायची तीही फिरवली. पण पोरांना वाचवणाऱ्या सुया त्याच्याच पेटीत होत्या, हेही खरे. आवडा त्याच्या पाठमोऱ्या कोटाकडे पाहत राहिली. तिच्या मनात आले, धावावे, पोर पुढे करावे. पण सासू शेजारी उभी होती आणि पाय जागचे हलले नाहीत.

*

फाल्गुनात पाड्यात फोड आले. पहिल्यांदा विश्राम पाटलाच्या नातवाला, मग गणूच्या दोन्ही पोरांना, मग पंढरीला.

ज्या घरात हे दुखणे येते तिथे देवी पाहुणी आली असे मानतात. दाराला कडुलिंबाचे डहाळे लागले. फोडणी बंद झाली. आजारी लेकराला कुणी नावाने हाक मारीना. त्याला "आय" म्हणायचे, त्याच्या पाया पडायचे. सात महिन्यांचे ते पोर तापाने फणफणत पडले होते आणि गावातल्या बायका येऊन त्याच्या पावलांना हळद लावत होत्या.

"आये, पंढरीच्या पाया कशाला परतान?" गोदाने विचारले.

"गप बस," आजी म्हणाली. "तो पंढरी नाय आता."

आवडाला हेच कळत नव्हते. तिच्या मांडीवर होता तो पंढरीच होता. त्याच्या डाव्या कानामागे तीळ होता, तो फोडांच्या गर्दीतही तिला सापडला. त्याचे डोळे चिकटून बंद झाले होते. तोंडात फोड आले होते. दूध प्यायला तो तोंड उघडी, आणि कण्हून मिटे. आवडाने फडके पाण्यात पिळून हलकेच त्याचे ओठ पुसायला घेतले, तो रंगूबाईने तिचा हात धरला.

"अंगाला पानी लावाचा नाय! देवीला पानी लावतस?"

"आत्या, तोंड मोकला झाला तर दूध पिईल. उपाशी हाय तो."

"ती जाईल तवा जाईल. तुला लईच घाई."

संध्याकाळी राघो मिठागरावरून आला. आवडाने चुलीपुढे त्याला धरले. नवऱ्यापुढे ती एवढे कधी बोलली नव्हती. "पोराला कल्यानच्या दवाखान्यात नेवा. पलीकडच्या पाड्यातली एक बाय बोलली, तिथं डोले धुतान, दूध पाजतान. तिचा पोर वाचला. गाडी जोडा. मी पाया परते."

राघो मऊ माणूस. त्याचे डोळे भरून आले. पण तो उठला तो गाडीकडे नाही, बापाकडे गेला. बाप उठला तो देवीकडे गेला.

पुन्हा शिळा भिजली, दाणे लागले. खाडीवरून वारा सुटला होता. डावा दाणा पडायला वेळ लागला नाही.

"नको बोलते," भिवा म्हणाला. त्याचाही आवाज कापला. नातू त्याचाही होता. हे आठवणीत ठेवायला हवे, कारण त्या घरात दुष्ट कुणीच नव्हते. सारे देवभोळे होते, आणि पोर तहानेने कण्हत होते.

दुसऱ्या दिवशी, ऊन ओसरीवर चढत असताना, पंढरीने कण्हणे थांबवले. आवडाला आधी वाटले, झोप लागली. तिने झोका देणेही थांबवले नाही.

मग तिने जो टाहो फोडला तो रंगूबाईने पदर कोंबून बंद केला. "रडू नको! देवी निंघताना कोन रडला तर ती वाट विसरते, दुसऱ्या पोरावर बसते. गोदा हाय ना तुला अजून?"

आईला तिच्या मेलेल्या लेकरासाठी रडूही न देणारी ही भक्ती! ज्या बाया हे वाचत असतील त्यांनी आपल्या मांडीवरच्या पोराकडे एकदा बघावे.

बाराव्या दिवशी पाणवठ्यावर निकाल लागला. कमळाबाई, पाटलाची बायको, सगळ्यांदेखत म्हणाली, "तिनंच इटाल केला असंल खोलीत. नायतर भगताच्याच घरात देवी नातू कशी खाईल?" कुणी नाही म्हटले नाही. आवडाची घागर सगळ्यात शेवटी भरू लागली. खोली सारवायचे तिचे काम सासूने काढून घेतले. पण रंगूबाईची कंबर धरली, तशी पावसाळा सरल्यावर ते पुन्हा तिच्याच वाट्याला आले.

*

दिवाळी होऊन गेली होती. सासूसासरे पाटलाकडे गेले होते, गोदा ओसरीवर शिंपल्यांशी खेळत होती. आवडाने खोली सारवली आणि भिंतीला टेकून बसली. अलीकडे ती अशीच कुठेही बसे.

झडप खट् वाजली. समोर जमीन सुकत होती. खिडकीखालचा पट्टा पांढुरका झाला. मग मधला. दाराकडचा अजून ओला.

आवडाच्या बापाची सारी हयात मिठागरावर गेली. लहानपणी तिनेही खाचरातले मीठ ओढले होते. वाऱ्याच्या अंगाला खाचर आधी सुकते, तिथे मिठाचा पहिला पापुद्रा धरतो, हे त्यांच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक. तिची नजर जमिनीवरून शिळेवर गेली. शिळेचा डावा खांदा खिडकीकडे होता, उजवा दाराकडे.

ती उठली. बायकांनी शिळेला हात लावायचा नाही, हे ती जन्मल्यापासून ऐकत होती. तिने घागरीतले पाणी शिळेवर ओतले, डब्यातून तांदळाचे दोन दाणे घेतले, भिजवले, लावले. झडप उघडी होती. डावा दाणा पडला.

तिने झडप ओढून खुंटी घातली, दार सताड उघडले, आणि पुन्हा शिळा भिजवली. आता वारा दाराकडून येत होता. ती बसून राहिली. एक माशी शेंदरावर बसली, उठली.

उजवा दाणा पडला.

तिने पुन्हा केले. पुन्हा तेच. मग झडप उघडून, मग लावून. तिने काही विचारलेही नव्हते. देवीने तरी उत्तर दिले.

आवडा शिळेपुढे बसली. ही शिळा "हो" म्हणाली नव्हती आणि "नको"ही म्हणाली नव्हती. ती काहीच म्हणाली नव्हती. तिला तोंडच नव्हते. तिच्यापुढे हात जोडून सगळे पंढरीचा जीव मागत होते, आणि ती नुसती सुकत होती.

तिला बापाचे बोलणे आठवले. त्यांच्या बांधावर एक राखणदार होता, शेंदूर फासलेला धोंडा. एके वर्षी उधाण आले आणि बांधासकट राखणदार घेऊन गेले. ओहोटीला तो चिखलात पालथा सापडला. सगळे त्याला पुन्हा बसवायला धावले, तेव्हा बाप कपाळाचा घाम पुसत म्हणाला होता, "पोरी, उधान ज्यानं आनला तो देव. ह्याला आपनच उचलाचा, आपनच उभा कराचा. हा आपल्याला काय राखंल?" तेव्हा लोक हसले होते. आवडाही हसली होती.

आता तिने आपल्या मेलेल्या पोरासाठी पोटभर रडून घेतले. कुणी तोंडात पदर कोंबायला नव्हते.

*

थंडी पडली आणि टोचणारा पुन्हा येणार अशी वर्दी आली. आवडाने सारे राघोला सांगितले. शेंगा फोडता फोडता तो ऐकत होता. त्याचे हात थांबले.

"म्हंजे त्या दिवशी..." एवढेच म्हणाला.

"हां."

त्याने तोंडावरून हात फिरवला. मग घाईघाईने म्हणाला, "असा कर. उद्या कौलाच्या आधी तू खिरकी लावून घे. उजवा परंल. गोदा टोचून घेईल, गावातली सगली पोरा टोचून घेतील. कुनाला कलनार नाय, बाबांचा मानबी राहील. कशाला उगाच?"

तोड सोपी होती, आणि पोरे वाचतील हे खोटेही नव्हते. आवडाने रात्रभर नाही, पण भाकऱ्या थापून होईपर्यंत त्याचा विचार केला. शेवटची भाकरी तव्यावर टाकून ती म्हणाली,

"उद्या मी लावीन. परवा दुसरा कोनी उघरंल. मंग कुनाचा तरी पंढरी परत ह्या दगडापुढं निजंल. खोटा बोलून देवीला खरी कराची? मी नाय कराची."

"लोक फाडून खातील तुला."

"पंढरीला काय केला त्यांनी?"

दुसऱ्या दिवशी पिंपळाखाली टोचणारा बसला होता, यंदा तोंड मिटून. खोलीपुढे सारा पाडा जमला. भिवाने शिळा भिजवली, दाणे घेतले. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत आवडा आत शिरली. तिने गोदाचा हात धरला होता.

"मामा," ती सासऱ्याला म्हणाली. डोक्यावरचा पदर तिने सारखा केला. आवाज मात्र चढवला. "आधी खिरकी लावा, नि इचारा. मंग खिरकी उघरा, नि तेच इचारा."

"भायेर हो!" रंगूबाई किंचाळली. "इटालशी!"

"देवी खरी असंल तर एकच बोलंल ना? खिरकीला घाबरंल काय?"

कुणीतरी हसले, लगेच गप्प झाले. भिवा भगत ताठ उभा राहिला. आयुष्यभर त्याने त्या शिळेची सेवा केली होती, आणि त्याचा विश्वास पक्का होता; म्हणूनच तो फसला. "लाव खिरकी," तो राघोला म्हणाला. "आज हिच्या तोंडावर देवीच जबाब देईल. आये, पोरा टोचाची का?"

राघोने खुंटी घातली. सगळे टक लावून बसले. दारात माणसांची दाटी होती म्हणून वेळ लागला. मग कुणीतरी बाजूला सरले, दारातून वाऱ्याची झुळूक आली.

उजवा दाणा ताम्हणात पडला.

भिवाने दाण्याकडे पाहिले. मग स्वतः पुढे होऊन झडप उघडली, शिळा भिजवली, दाणे लावले, आणि तेच विचारले. खाडीचा वारा आत आला. डावा दाणा पडला.

तो म्हातारा हळूहळू खिडकीकडे वळला. ती त्यानेच पाडली होती. फाल्गुनातली ती संध्याकाळ त्याच्या डोळ्यांपुढे आली असावी, कारण त्याचा चेहरा राखेसारखा झाला. क्षणभर वाटले, तो आता बोलेल. बोलला असता तर सारा पाडा वाचला असता. पण नातवाला मी मारले, हे म्हणण्यापेक्षा देवी कोपली म्हणणे सोपे असते. दगडाचे देव टिकतात ते असेच. त्यांना उभे धरायला माणसाचा गर्व लागतो, आणि माणसाचे भय.

"देवीची थट्टा केली हिनं," भिवा म्हणाला. "माज्या घरात हिला जागा नाय."

मग एकच गिल्ला झाला. "चेटकीन! पोर खाल्ला, आता गाव खाईल!" कमळाबाईने पहिले ढेकूळ उचलले. ते आवडाच्या खांद्याला लागले. तिने गोदाला पदराखाली घेतले आणि पिंपळाकडे चालू लागली. तिच्या मागे कुणी आले नाही. दूर उभी असलेली गणूची बायको, फाल्गुनात दोन्ही पोरे गमावलेली, तिने त्यानंतर झालेले तान्हे पोर छातीशी आवळले आणि एक पाऊल टाकले. पण नवऱ्याने दंड धरला, तशी ती थांबली.

टोचणाऱ्याने सुई पुसली. "नाव काय गं, बाळ?"

"गोदा. दुखंल?"

"मुंगी चावल्यागत."

"मोठी मुंगी?"

तो यंदा पहिल्यांदाच हसला. आवडाने पोरीचा दंड धरला होता; त्याने सुई टोचली.

*

घर सुटले ते सुटलेच. अंगावरच्या लुगड्यानिशी ती बांधावरून बापाच्या गावाकडे निघाली. दूर आगगाडीचा धूर कल्याणकडे चालला होता. मागे राघो येतो आहे की नाही, हे तिने वळून पाहिले नाही. जाईन तिथल्या प्रत्येक ओसरीवर बसायचे, आणि खिडकी लावून दाणा लावायला सांगायचे, एवढेच तिने मनाशी धरले होते. लोक ढेकळे मारतील. मारोत.

वारा तोंडावर येत होता. गोदाचे केस उडत होते. तिने दंडावरची खूण फुंकून पाहिली.

"आये, हाच वारा खिरकीतून यायचा?"

"हाच."

"देवीचा नाय?"

"नाय बाय. वारा देवाचा. आभाल त्याचा, खाडी त्याची, भरती त्याची. त्याला शेंदूर लागत नाय, नि तो दगडात मावत नाय. त्याच्या मनात येईल तसा तो वारा सोरतो."

गोदा विचार करीत चालली. बांधावरची एक भेग तिने ओलांडली, मग थांबली. आईचा पदर ओढून तिने वर पाहिले.

"मंग आये, पंढरी आजारी होता तवा देवानं वारा दुसऱ्या बाजूनं का नाय सोरला?"